ब्रँडेड डेस्कटॉपमधील एसएमपीएस बदलणे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कार्यालयांतून बाहेर पडलेले डेल, एचपी आणि लेनोव्हो कंपन्यांचे डेस्कटॉप इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये आणि जेल रोडच्या आसपास माफक किमतीत मिळतात. घरातील मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला गेली, की असाच एखादा संगणक घ्यावा आणि पुढे सवडीने त्यात ग्राफिक्स कार्ड बसवावे, असा बेत पुष्कळ घरांत ठरतो. कार्ड आणल्यावर मात्र लक्षात येते की त्याला वीज पुरवणारी ६ किंवा ८ पिनांची केबल संगणकात नाहीच. तेव्हा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतील वीज संगणकाला लागेल तशी बदलून देणारा डबा, बदलण्याचा विषय निघतो आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती वॅटचा घेऊ?’ हा.

माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. नवा एसएमपीएस या कॅबिनेटमध्ये बसेल का, हा पहिला आणि त्याच्या केबल या मदरबोर्डला (संगणकाचे सर्व भाग ज्याला जोडले जातात त्या मुख्य बोर्डाला) जुळतील का, हा दुसरा. पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर वॅटचा हिशेब करण्यात अर्थ उरत नाही. सुट्या भागांतून जोडलेल्या संगणकात हे दोन प्रश्न सहसा उद्भवत नाहीत, कारण तेथे सर्व भाग ठरलेल्या मापांचे असतात. ब्रँडेड संगणकात तसे गृहीत धरता येत नाही.

बदल खरोखर हवा आहे का

ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवरील ज्या लांब स्लॉटमध्ये बसते, तो त्याला ७५ वॅटपर्यंत वीज स्वतःच देऊ शकतो. त्यामुळे एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स १६५० या कार्डाची वेगळ्या केबलशिवाय चालणारी मॉडेले किंवा ७० वॅटचे ६ जीबी आरटीएक्स ३०५० घेतल्यास मूळ एसएमपीएसला हात लावण्याची बहुधा गरज पडत नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या मिनी टॉवरमध्ये २९० वॅटचा एसएमपीएस असतो आणि अशा कार्डासाठी तो पुरतो. काही अगदी लहान कॅबिनेटच्या मॉडेलांत स्लॉटची मर्यादा ७५ वॅटपेक्षा कमी ठेवलेली असते, म्हणून आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून तेवढे तपासून घ्यावे. ऑटोकॅड, साधे व्हिडिओ संपादन आणि मध्यम प्रतीचे गेम एवढीच गरज असेल, तर येथेच थांबणे शहाणपणाचे ठरेल असे मी म्हणेन. पैसे वाचतात आणि वॉरंटी चालू असलेला संगणक असेल तर तिच्याविषयीचा वादही टळतो.

ज्यांना १३० वॅटचे ८ जीबी आरटीएक्स ३०५०, १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० किंवा त्याहून मोठे कार्ड लावायचे आहे, किंवा ज्यांचा मूळ एसएमपीएस बिघडलाच आहे, त्यांनी पुढे वाचावे.

माप आणि पिना

संगणक बंद करून त्याची मुख्य केबल काढावी, बाजूचा पत्रा उघडावा आणि मोजपट्टी घेऊन एसएमपीएसचा डबा मोजावा. रुंदी १५० मिलिमीटर आणि उंची ८६ मिलिमीटर भरली, तर तो एटीएक्स या सर्वांत प्रचलित मापाचा आहे. त्याची खोली १४० मिलिमीटरपासून पुढे बदलते, म्हणून डब्यामागे किती मोकळी जागा आहे तीही मोजून ठेवावी. १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटर हे एसएफएक्सचे माप आहे. ८५ बाय ६५ बाय १७५ मिलिमीटर असा लांबट डबा दिसला तर तो टीएफएक्स. या दोन्ही मापांचे एसएमपीएस मिळतात, परंतु निवड कमी आणि किंमत जास्त असते. यांपैकी कोणतेच माप जुळत नसेल, तर तो कंपनीचा स्वतःचा घाट आहे असे समजावे. अशा वेळी त्याच मॉडेलसाठी कंपनीने बनवलेला अधिक वॅटचा एसएमपीएस मिळतो का, एवढाच मार्ग उरतो. डब्याच्या मागील बाजूस स्क्रूची चार छिद्रे कोठे आहेत, स्विच आणि केबलची खाच कॅबिनेटच्या पत्र्यातील खिडकीतून बाहेर येते की नाही, हेही पाहावे, कारण माप जुळूनही पत्रा आड येण्याची उदाहरणे आहेत.

आता मदरबोर्डला जाणाऱ्या जाड केबलच्या पिना मोजाव्यात. दोन रांगांत मिळून २४ पिना असतील आणि प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांची वेगळी केबल असेल, तर काम सोपे आहे. मात्र डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२० आणि ९०२० मध्ये मुख्य केबल ८ पिनांची असते, एचपीच्या अनेक कार्यालयीन मॉडेलांत ६ पिनांच्या एकाहून अधिक केबल असतात, तर लेनोव्होच्या थिंकसेंटर मालिकेत काही पिढ्यांत १४ आणि नंतरच्या काहींत १० पिना आढळतात. १० पिना दिसल्या म्हणून ती इंटेलने मांडलेली, फक्त १२ व्होल्ट पुरवणारी एटीएक्स१२व्हीओ पद्धतच असेल, असे मानू नये.

अशा मदरबोर्डांसाठी २४ पिनांपासून ८, १४ किंवा १० पिनांत रूपांतर करणाऱ्या जोडकेबल मिळतात. त्यांपैकी काही नुसत्या तारा असतात, तर काहींत एक लहानसे सर्किट असते, कारण साधा एटीएक्स एसएमपीएस संगणक बंद असतानाही ५ व्होल्टचा क्षीण पुरवठा चालू ठेवतो आणि एचपीच्या काही मदरबोर्डांना त्या जागी ११ किंवा १२ व्होल्ट लागतात. म्हणून ‘एचपीसाठीची जोडकेबल द्या’ एवढे सांगणे पुरेसे नाही. संगणकाचे पूर्ण मॉडेल, शक्य असल्यास मदरबोर्डचा पार्ट नंबरही सांगून त्याच मॉडेलसाठीची केबल मागवावी. प्लग घुसला म्हणजे जुळला, ही समजूत महागात पडते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही संगणकांत दिसायला थेट एटीएक्ससारखाच प्लग होता, पण आतील तारांची मांडणी निराळी होती. त्यात बाजारातला एसएमपीएस लावला की मदरबोर्ड जळत असे.

ब्रँडेड संगणकांची आणखी एक रीत ध्यानात घ्यावी. त्यांतील हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह यांना वीज कित्येकदा एसएमपीएसऐवजी मदरबोर्डवरूनच जाते. तशी रचना असेल तर ती केबल तशीच राहू द्यावी.

वॅटचा हिशेब

उदाहरणादाखल कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर घेऊ. त्याच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असले तरी जोराच्या कामात इंटेलने त्याला ११७ वॅटपर्यंत मुभा दिली आहे. त्यात आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट मिळवले आणि मदरबोर्ड, मेमरी, पंखे व डिस्क यांना मिळून ६० वॅट धरले, की बेरीज ३४७ येते. ग्राफिक्स कार्ड क्षणभर आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा बरीच अधिक वीज ओढते, म्हणून वर मोकळीक ठेवावी लागते. एनव्हिडियाने या कार्डासाठी ५५० वॅटची शिफारस केली आहे आणि ती या हिशेबाशी जुळते. ७५० वॅटचा घेतल्याने विजेचे बिल वाढत नाही, कारण एसएमपीएस लागेल तेवढीच वीज घेतो. पण न लागणाऱ्या क्षमतेवर खर्च करण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या प्रतीच्या ५५० वॅटवर लावावेत.

प्रत ओळखण्याची जागा म्हणजे डब्याच्या बाजूला चिकटवलेला तक्ता. मोठ्या अक्षरांतला वॅटचा आकडा सोडून द्यावा आणि १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कारण आजचा संगणक बहुतेक सारी वीज १२ व्होल्टवरच घेतो. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे सुमारे ५४० वॅट. खोक्यावर ‘४५० वॅट’ असे झळकत असेल आणि तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर असतील, तर हाती पडणार आहेत १९२ वॅट. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या किंवा अगदी स्वस्त डब्यांचा तक्ता या दृष्टीने एकदा अवश्य वाचून पाहावा.

‘८० प्लस’ ही खूण कार्यक्षमतेची, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के संगणकापर्यंत पोहोचते त्याची आहे. तिच्यातील ब्राँझ दर्जासाठी ११५ व्होल्टवरील चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भाराला अनुक्रमे ८२, ८५ आणि ८२ टक्के कार्यक्षमता लागते. शॉर्टसर्किट, जादा भार, जादा व्होल्टेज आणि जादा उष्णता यांपासूनचे संरक्षण ही खूण मोजत नाही, म्हणून ते माहितीपत्रकात वेगळे शोधावे. कोर्सेअर, कूलर मास्टर, डीपकूल, एमएसआय, अँटेक, सीसॉनिक अशा कंपन्यांच्या ब्राँझ किंवा त्यावरच्या श्रेणीतून निवडावे, पाच वर्षांची वॉरंटी असलेल्या मॉडेलांना प्राधान्य द्यावे आणि पक्के बिल घेऊन त्यावर डब्याचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटीच्या वेळी त्याचाच उपयोग होतो.

भिंतीतील वीज

हा भाग मार्गदर्शक लेखांत सहसा एका ओळीत उरकला जातो. आपल्याकडील, विशेषतः इंदूरच्या रामबाग, नारायण बाग यांसारख्या जुन्या वस्त्यांतील घरांचे वायरिंग पाहता तो तसा उरकणे योग्य नाही.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर हलक्या झिणझिण्या येत असतील, तर एसएमपीएस खराब आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. विजेतील गोंगाट गाळण्यासाठी एसएमपीएसच्या तोंडाशीच फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बसवलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह फार कमी असल्याने झिणझिण्यांवर भागते, परंतु आत काही बिघाड झाल्यास वाचवणारी वाटच शिल्लक नसते. नवा एसएमपीएस लावूनही या झिणझिण्या थांबणार नाहीत. तेव्हा आधी वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्यावे. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यावेत आणि न्यूट्रल ते अर्थ थोडेच व्होल्ट यावेत. काही वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेने जोडून मोकळे होतात. तसे मुळीच करू देऊ नये, कारण न्यूट्रल कोठे तुटली तर संगणकाच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

दुसरा मुद्दा यूपीएसचा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास भार पेलतो. वरच्या उदाहरणातील ३४७ वॅट हे एसएमपीएसनंतरचे आहेत. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर भिंतीतून सुमारे ४०८ वॅट घेतले जातात आणि मॉनिटर त्यावर वेगळा. गेम चालू असताना वीज गेली, की असा यूपीएस किंचाळून बंद पडतो आणि दोष नव्या एसएमपीएसला दिला जातो. १००० व्हीएच्या पुढचा यूपीएस घेतल्यास हा प्रश्न सुटतो. अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज एकसारखी ओढणारे सर्किट) असलेले नवे एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या लहरीवर कधीकधी अडखळतात, म्हणून परवडत असेल तर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे सलग गुळगुळीत लहरीचा यूपीएस घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवरच संगणक चालत असेल, तर त्याच्या पाठीमागील स्विच ‘यूपीएस’ बाजूला ठेवावा. एसएमपीएस पुरवठा तुटल्यानंतर पूर्ण भाराला सुमारे १६ मिलिसेकंदच तग धरतो आणि इन्व्हर्टरची साधी बाजू त्याहून सावकाश बदल करू शकते.

जुना काढणे

आवश्यक फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. संगणक बंद करून भिंतीवरचा स्विच बंद करावा, केबल उपसावी आणि चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते. एसएमपीएसच्या आतला मोठा कपॅसिटर मात्र याने रिकामा झाला असे मानता येत नाही. तो ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि केबल काढल्यानंतरही काही काळ भरलेला राहू शकतो. त्यामुळे जुना असो वा नवा, एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नये; पंखा साफ करण्यासाठीसुद्धा नाही.

माळव्यातील हवा हिवाळ्यात आणि एप्रिल-मे महिन्यांत फार कोरडी असते. अशा दिवसांत अंगावर स्थिर वीज साचून तिच्या धक्क्याने भाग बिघडू शकतात, म्हणून नायलॉनचे कपडे घालून गालिच्यावर बसून हे काम करू नये. लाकडी टेबलावर काम करावे आणि भाग हाताळण्यापूर्वी दर वेळी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करावा.

प्रत्येक जोडणीचे मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र घ्यावे. मग एकेक प्लग काढावा. २४ पिनांच्या प्लगला बाजूला एक खिटी असते. ती दाबून धरावी आणि तारा न ओढता प्लगलाच धरून हलके डोलवत वर घ्यावे. मदरबोर्ड वाकू लागला तर थांबावे आणि दुसऱ्या हाताने सॉकेटच्या बाजूला आधार द्यावा. सर्व केबल सुटल्यावर मागचे स्क्रू काढावेत. काही कॅबिनेटमध्ये स्क्रूंशिवाय आत एक पत्र्याची जीभ किंवा दाबायचा खटका असतो, आणि तो न दाबता डबा ओढला तर पत्रा वाकतो.

नवा बसवणे

नव्या डब्यावर लाल रंगाचा ११५/२३० असा सरकता स्विच असेल तर तो २३० वर आहे याची खात्री करावी. तो चुकून ११५ वर राहिला तर आपल्या विजेवर एसएमपीएस पहिल्याच क्षणी जळतो. अॅक्टिव्ह पीएफसीच्या डब्यांना असा स्विच नसतो.

बसवण्यापूर्वी पंख्याची दिशा ठरवावी. एसएमपीएस वरच्या बाजूला असेल तर पंख्याचे तोंड खाली, कॅबिनेटच्या आत असावे. तळाशी असेल आणि तळाला जाळी असेल तर तोंड जाळीकडे करावे. जाळी नसेल तर वर. चारही स्क्रू आधी हाताने दोन-तीन वेढे फिरवून बसवावेत आणि मगच घट्ट करावेत.

जोडण्यांमध्ये सर्वांत अधिक नुकसान एका गोष्टीने होते. मॉड्युलर, म्हणजे डब्यापासून सुट्या होणाऱ्या केबल असलेला एसएमपीएस घेतला असेल, तर त्याच्या खोक्यातीलच केबल वापराव्यात. घरात पडून असलेली दुसऱ्या एसएमपीएसची केबल डब्याच्या बाजूला व्यवस्थित बसते, पण त्या टोकाची मांडणी सर्वमान्य नाही, कंपनीगणिक आणि कधीकधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक ती बदलते. तशी केबल लावल्यास डिस्कला ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात आणि त्यातील माहितीसह डिस्क संपते.

प्रोसेसरची ४+४ पिनांची आणि ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनांची केबल दिसायला बहिणी असल्या तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही, कारण १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू दोहोंत उलट आहेत. प्लगवर सीपीयू किंवा पीसीआय असे कोरलेले असते, ते वाचून घ्यावे. पिनांचे आकारच वेगळे असल्याने चुकीचा प्लग सहजी जात नाही. जोर लावावासा वाटला की प्लग तपासावा. ग्राफिक्स कार्डाला एसएमपीएसमधून येणारी थेट केबलच द्यावी. साटा प्लगपासून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगपासून) ६ पिनांत रूपांतर करणाऱ्या स्वस्त केबल टाळाव्यात, कारण साटा प्लगची १२ व्होल्टची मर्यादा ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट आहे आणि ६ पिनांचा प्लग ७५ वॅट मागू शकतो. प्लॅस्टिक वितळल्याच्या तक्रारी येतात त्या अशाच जोडण्यांच्या.

पहिल्यांदा चालू करताना

प्रथम ग्राफिक्स कार्ड न लावता, जुन्याच स्थितीत संगणक चालू करावा. मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडावा. काहीच हालचाल झाली नाही तर एसएमपीएसच्या पाठीमागचा स्विच आणि प्रोसेसरजवळील ४ पिनांची केबल या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. बहुतेक वेळा कारण तेथेच सापडते. काही एचपी आणि डेल मॉडेले पंख्याविषयी किंवा एसएमपीएसविषयी सूचना दाखवून थांबतात, कारण मूळ डब्यातून येणारी संदेशाची तार आता नसते. मॅन्युअलमधील दिव्यांच्या खुणांवरून नेमकी सूचना कळते. जळका वास किंवा ठिणगीचा आवाज आला, तर बटणाशी खटपट न करता भिंतीवरचा स्विच बंद करावा.

सारे सुरळीत असेल तर संगणक पुन्हा बंद करून, केबल काढून ग्राफिक्स कार्ड बसवावे. नंतर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) किंवा एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये व्होल्टेज पाहावे. १२ व्होल्टचा पुरवठा ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टचा ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान राहायला हवा. मदरबोर्डचे मापक फारसे काटेकोर नसतात, त्यामुळे थोड्याफार फरकाने घाबरू नये. जड गेम किंवा रेंडरिंग अर्धा तास चालवावे आणि त्या काळात संगणक आपोआप बंद किंवा रीस्टार्ट होतो का, ते पाहावे. तसे झाले तर पुरवठा अपुरा आहे, जोडकेबल सैल आहे किंवा आत उष्णता कोंडते आहे, यांपैकी एक कारण बहुधा असते. यूपीएसची परीक्षाही याच वेळी, सर्व फाइली जतन करून, भिंतीवरचा स्विच बंद करून घ्यावी.

संगणकाची वॉरंटी शिल्लक असेल तर मूळ एसएमपीएस, त्याचे स्क्रू आणि केबल एका खोक्यात, संगणकाचे मॉडेल लिहून जपून ठेवावेत. सर्व्हिस इंजिनिअर यायच्या आधी तो परत बसवता येतो. वॉरंटी संपली असेल किंवा डबा बिघडलेलाच असेल, तर तो भंगारवाल्याला न देता महापालिकेच्या कचरागाडीत ई-कचऱ्यासाठी असलेल्या वेगळ्या कप्प्यात द्यावा.